सागवान नसलं तरी टेबल पक्कं होतं

सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून. डोंगरात साग आहे, त्यामुळे टिकाऊ म्हटलं की सागवान, हे इथल्या घराघरांत ठरून गेलेलं. मुलांच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर घरात आला की हीच समजूत आडवी येते. सागवानाचं टेबल परवडत नाही आणि बाकी कशावर भरवसा नाही. मग मॉनिटर कपाटाच्या फळीवर नाहीतर शिलाई मशीनवर जातो, आणि पोराची मान वाकडी होते. हे मला खरंच सहन होत नाही, कारण चांगलं टेबल थोडक्या अवजारांनी घरी होऊ शकतं.

सागाचे खरे गुण म्हणजे तो ऊन-पावसात टिकतो, त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि तो फारसा पीळ धरत नाही. दारं-चौकटींना हे गुण हवेतच. खोलीत सावलीला असलेल्या टेबलाला त्यांचं फारसं काम पडत नाही. टणकपणाच पाहायचा तर बाभूळ सागापेक्षा वरचढ, म्हणून तर औतं आणि गाड्या बाभळीच्या व्हायच्या. फक्त ती नीट वाळलेली हवी, ओली वापरली तर तडकते. ‘बांधावरचा साग आपलाच आहे, तोडू’ असंही कोणी म्हणतं. त्यालाही १९६४च्या झाडे तोडण्याच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

फळी मधोमध झोल खाते, तेव्हा दोष लाकडाच्या जातीला दिला जातो. तो बहुतेक वेळा जाडीचा आणि लांबीचा असतो. उदाहरणार्थ, एकाच प्रकारच्या प्लायवुडची जाडी १२ मिलिमीटरऐवजी १८ घेतली तर ताठपणा दीडपट होत नाही, सुमारे ३.४ पट होतो, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. उलट दोन आधारांमधलं अंतर ३ फुटांवरून ४ फूट केलं, तर मधोमध ठेवलेल्या त्याच वजनाखाली वाक जवळजवळ २.४ पट होतो. जाड प्लाय परवडत नसेल तर पातळ फळीच्या खाली दोन इंच रुंदीची पट्टी उभी धरून लांबीच्या दिशेने गोंद-स्क्रूने बसवावी. अशीच आधाराची फासळी पाहायची तर अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात आहेत. तिथल्या १९ आणि २६ क्रमांकांच्या चैत्यगृहांत कमानी छताला ओळीने फासळ्या कोरलेल्या दिसतात. अखंड दगडाला त्यांची गरज नव्हती. लाकडी छतांना असायची, तीच रीत कारागिरांनी दगडात उतरवली.

‘टेबल हलतं, अजून चार खिळे ठोका.’ सगळ्यात जास्त पैसा आणि कष्ट या समजुतीपायी वाया जातात. चार पाय आणि वर फळी एवढाच सांगाडा असेल, तर बाजूने ढकलल्यावर चौकोन तिरका होतो. खिळे वाढवून हे थांबत नाही, खिळ्यांची भोकंच रुंद होतात. त्रिकोणाचं तसं नाही. त्याच्या बाजू लांब-आखूड झाल्याशिवाय कोन बदलत नाहीत. म्हणून मागे तिरकी पट्टी मारा, किंवा त्याहून सोपं म्हणजे पायांऐवजी दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या घ्या आणि त्यांच्यामध्ये, वरच्या फळीला लागून, फूटभर रुंदीचा प्लायचा तुकडा उभा बसवा. शेवटचे स्क्रू आवळण्याआधी मागच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असताना तेही सारखे भरले की कोन काटकोन.

सगळं कापायला मशीन हवं, हेही खरं नाही. १८ मिलिमीटरचा ८ बाय ४ फुटांचा एक ताव घ्या आणि प्लायच्या दुकानात किंवा फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सरळ काप मारून मागा. आधी लांबीत मधोमध कापला की दोन फुटी दोन पट्टे मिळतात. एकातून ४ फुटांची वरची फळी आणि एक बाजू, दुसऱ्यातून दुसरी बाजू आणि मागचा तुकडा निघतो, वर थोडा तुकडा उरतो. घरी टेप, गुण्या, हातड्रिल, स्क्रू ड्रायव्हर आणि काचपेपर पुरतात. प्लायच्या कडेत स्क्रू घालताना आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर थर फाटतात. गोंद लावलेले सांधे रात्रभर आवळून ठेवा.

उंची ३० इंच हवी, असं सांगणारे पुष्कळ. ती मुलांना आणि बुटक्या माणसांना खांदे उचलायला लावते. ज्या खुर्चीत बसणार तिच्यात बसून कोपर काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. तीच टेबलाची उंची. अनेकांना ती २५ ते २७ इंच भरेल. पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि हातभर अंतरावर असावी.

दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणाला म्हणजे वाळवीही लागणार नाही, असं धरू नका. प्लायवरच्या बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा) वगैरे खुणा मुख्यतः थरांमधल्या गोंदाच्या पाण्यातल्या टिकावाबद्दल सांगतात. वाळवीसाठी वेगळी प्रक्रिया लागते. कापलेल्या कडांना रंग द्या, बाजूंच्या फळ्यांखाली फरशीचे तुकडे ठेवा, टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या.

आणि सीपीयूला धूळ लागू नये म्हणून त्याला बंद कप्प्यात कोंडू नका. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा आतली गरम हवा बाहेर पडायला मागची बाजू उघडीच हवी. धुळीसाठी तो जमिनीपासून वीतभर वर, ताव कापून उरलेल्या तुकड्यावर ठेवा.