एक स्पीकर, साधने तीन

बऱ्याच शाळांत स्पीकरची एकच जोडी असते आणि तिच्यावर हक्क सांगणारी साधने मात्र तीन-चार असतात. परिपाठाला मोबाइलवरचे गाणे, तिसऱ्या तासाला संगणकावरची चित्रफीत, दुपारी रेडिओ. प्रत्येक वेळी टेबलामागे वाकून एक पिन काढायची आणि दुसरी खुपसायची. या ओढाताणीत सर्वांत आधी निकामी होते ते साधनाचे सॉकेट. आतल्या पट्ट्या सैल होतात किंवा त्याचा सोल्डरचा जोड उकलतो, मग पिन दाबून धरली तरच आवाज येतो. संगणकाचे सॉकेट बदलायचे तर सारे यंत्र उघडावे लागते आणि तोवर चित्रफितीचा तास मुका राहतो.

यावर उपाय सोपा आहे. साधनांच्या तारा एका डब्यात कायमच्या जोडून ठेवायच्या आणि डब्यावरची खुंटी फिरवून हवे ते साधन निवडायचे. असा डबा सातवी-आठवीच्या मुलांसह दोन तासांत तयार होतो. त्यात २३० व्होल्टचा कुठेही संबंध येत नसल्याने विजेचा धक्का बसण्याची भीती नाही. जपायचे ते फक्त गरम सोल्डरिंग आयर्नला. पण डबा करण्याआधी तो का लागतो, हे समजून घेऊ.

तारा सरळ एकत्र जोडल्या तर?

स्विच कशाला, तिन्ही तारा पिळून एकत्र केल्या तर काय बिघडले? हा प्रश्न मुले हमखास विचारतात. तीन तोट्यांचे पाणी एका बादलीत सोडता येते, मग तीन साधनांचा आवाज एका स्पीकरमध्ये का नाही?

उत्तर अंतर्गत रोधात आहे. आवाज देणारे प्रत्येक साधन हे अंतर्गत रोध असलेल्या विद्युतघटासारखे वागते. हा रोध लहान असतो. उलट, स्पीकरच्या पेटीत बसवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटचा रोध खूप मोठा असतो. हिशेबासाठी रेडिओचा रोध १०० ओहम, मोबाइलचा १० ओहम आणि अ‍ॅम्प्लिफायरचा १०,००० ओहम धरू. साधनागणिक आकडे बदलतील, पण लहान-मोठेपणा साधारण असाच राहील.

एकटा रेडिओ जोडला आणि त्याने १ व्होल्टचा संदेश दिला, तर त्यातील ०.९९ व्होल्ट अ‍ॅम्प्लिफायरला मिळतो. धारा असते जेमतेम ०.१ मिलिअँपिअर. आता त्याच जोडाला चालू पण गप्प असलेला मोबाइल जोडा. गप्प मोबाइल म्हणजे तुटलेली तार नव्हे. रेडिओच्या दृष्टीने तो जमिनीकडे जाणारा १० ओहमचा रस्ता आहे. रेडिओची बहुतेक सगळी धारा त्या सोप्या रस्त्याने जाते. १०० आणि १० ओहम एकसर जोडणीत आल्यामुळे १ व्होल्टची वाटणी ११० भागांत होते आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या वाट्याला त्यातले १० भाग, म्हणजे सुमारे ०.०९ व्होल्ट येतात. आवाज एकदम पडतो. शिवाय रेडिओला ९ मिलिअँपिअर धारा पुरवावी लागते, म्हणजे नेहमीच्या नव्वदपट. ही धारा मोबाइलच्या आउटपुटमध्ये उलटी घुसते. आवाज फाटणे, साधन तापणे, क्वचित आउटपुट जळणे हे त्याचे परिणाम.

यातून एक नियम मिळतो. एक आउटपुट अनेक इनपुटांना जोडता येते, पण अनेक आउटपुटे एकमेकांना थेट जोडू नयेत. आपल्या स्विचचे काम केवळ आवाज सुरू-बंद करणे नाही. एका वेळी एकच आउटपुट जोडलेले राहील आणि बाकीची पूर्ण तुटलेली राहतील, याची तो हमी देतो.

बारा संपर्कांचा स्विच

३.५ मि.मी.ची स्टिरिओ पिन हातात घेऊन पाहा. दोन काळ्या कड्यांनी तिचे तीन भाग झालेले दिसतील. टोक डाव्या बाजूच्या आवाजाचे, मधले कडे उजव्या बाजूचे आणि मागची नळी दोघांची सामाईक, म्हणजे ग्राउंड. म्हणून प्रत्येक साधनाच्या तीन तारा निवडाव्या लागतात आणि साधा दिव्याचा खटका येथे पुरत नाही.

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात रोटरी स्विच मागा. याच्या पाठीवर बाहेरच्या वर्तुळात १२ संपर्क आणि आत मधले संपर्क असतात. १२ चे अवयव पाडावेत तसे याचे प्रकार मिळतात : १ पोल १२ वे, २ पोल ६ वे, ३ पोल ४ वे आणि ४ पोल ३ वे. पोल म्हणजे एकाच खुंटीने एकदम फिरणारे स्वतंत्र स्विच किती, आणि वे म्हणजे प्रत्येकाला जागा किती. आपल्याला तीन साधनांसाठी ४ पोल ३ वे घ्यायचा आहे. चार साधने असतील तर ३ पोल ४ वे चालेल.

बाकी सामान असे : तळहाताएवढा प्लॅस्टिकचा डबा, ३.५ मि.मी.ची चार स्टिरिओ सॉकेटे, दोन्ही टोकांना पिन असलेल्या तीन तारा, थोडी बारीक वायर, सोल्डर आणि खुंटीसाठी नॉब. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सारे एकाच फेरीत मिळते.

जोडणी

डब्याला स्विचसाठी एक व सॉकेटांसाठी चार भोके पाडा. तीन सॉकेटे साधनांची, चौथे स्पीकरचे. स्विचवर बहुधा मधल्या संपर्कांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे आणि बाहेरच्यांना १ ते १२ आकडे असतात. ए हा संपर्क १, २, ३ यांना, बी ४, ५, ६ यांना आणि सी ७, ८, ९ यांना आळीपाळीने जोडला जातो.

स्पीकरच्या सॉकेटचे डावे टोक ए ला, उजवे बी ला आणि ग्राउंड सी ला जोडा. पहिल्या साधनाची डावी, उजवी व ग्राउंड तार अनुक्रमे १, ४, ७ ला. दुसऱ्याची २, ५, ८ ला. तिसऱ्याची ३, ६, ९ ला. डी आणि त्याचे तीन संपर्क मोकळे राहतील. पुढे कोणते साधन चालू आहे हे दाखवणारे एलईडी बसवायचे असतील तर ते उपयोगी पडतील.

स्पीकर लावण्याआधी मल्टिमीटरने तपासणी करा. खुंटीच्या प्रत्येक जागी स्पीकरच्या सॉकेटचे तीन भाग एकाच साधनाशी जोडलेले आणि उरलेल्या दोघांपासून तुटलेले हवेत. मुलांना तीन ओळींचा तक्ता करून नोंदी घेऊ द्या. खुंटी सावकाश फिरवून आणखी एक गोष्ट पाहता येते. काही स्विच मागचा संपर्क सोडल्यावर पुढचा धरतात, तर काही पुढचा धरून मग मागचा सोडतात. आपल्याला पहिल्या प्रकारचा हवा. दुसऱ्या प्रकारात क्षणभर दोन आउटपुटे एकत्र येतात.

ग्राउंड का तोडायचे?

ग्राउंड सामाईकच असते, मग तिन्ही ग्राउंड एकत्र बांधली तर? पुष्कळदा चालते. पण अर्थिंग असलेली दोन साधने वेगवेगळ्या बोर्डांवर लावलेली असतील, तर भिंतीतली अर्थची तार आणि आपल्या डब्यातले ग्राउंड मिळून एक बंद फेरा तयार होतो. त्यात घरगुती विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेची लहानशी धारा वाहते आणि स्पीकरमधून अखंड घरघर ऐकू येते. ग्राउंडही स्विचमधून नेले की न वापरलेली साधने या फेऱ्यातून सुटतात. डबा प्लॅस्टिकचा घ्यायचे कारणही हेच आहे. पत्र्याच्या डब्यात सॉकेटांची अंगे पत्र्यामार्फत पुन्हा एकमेकांना जोडली जातील. ग्राउंड बदलताना मात्र स्पीकरमध्ये 'टक' असा आवाज होतो, म्हणून खुंटी फिरवण्याआधी आवाज कमी करण्याची सवय लावावी.

दोन सूचना

हा डबा स्पीकरच्या पेटीतील अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी लावायचा आहे. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरकडून भोंग्याकडे किंवा स्पीकरकडे जाणाऱ्या तारा यात जोडू नयेत. तेथे धारा कित्येक पट मोठी असते. शिवाय काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरची कोणतीच तार ग्राउंड नसते. दोन अ‍ॅम्प्लिफायरच्या अशा तारा एकत्र आल्या तर ते जळू शकतात.

दुसरे, दोन आवाज एकदम हवे असतील, उदाहरणार्थ रेडिओ आणि संगणक, तर स्विच कामाचा नाही. त्यासाठी प्रत्येक साधनाच्या डाव्या आणि उजव्या तारेत १०,००० ओहमचा एकेक रोधक घालून मग तारा एकत्र कराव्यात. रोधकांमुळे साधने एकमेकांपासून दूर राहतात. किंमत एवढीच की दोन साधने असताना प्रत्येकाचे विभवांतर सुमारे एक तृतीयांशावर येते. ते का, हे वरच्या हिशेबावरून दहावीच्या मुलांना काढायला सांगा.

याच कल्पनेला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर पिना काढून-घालून बोलणाऱ्यांना जोडून देत. आपली ३.५ मि.मी.ची पिन त्याच मोठ्या पिनेची धाकटी आवृत्ती. अमेरिकेत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्राउजर याने १८९१ साली आपोआप फिरून संपर्क निवडणाऱ्या स्विचचे पेटंट मिळवले आणि ऑपरेटरच्या हातातले काम यंत्राकडे गेले. आपल्या डब्यात ते फिरवणे अजून हातानेच आहे.

डबा तयार झाला की झाकण स्क्रूने लावा, चिकटवू नका. पुढच्या वर्षीच्या मुलांना तो उघडून पाहता आला पाहिजे. झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणीची आकृती आणि तपासणीचा तक्ता चिकटवून ठेवला, तर एखादी तार निघाली तरी ती मुलेच पुन्हा जोडतील.