बुगडीचा कान आणि घरातली सुई

लग्नसराई जवळ आली की कपाटातले जुने दागिने बाहेर निघतात. बुजलेले छिद्र पुन्हा उघडावे असे आजींना वाटते, नातवाला भिकबाळी हवी असते, आणि शिवणाची सुई मेणबत्तीवर धरली की ती शुद्ध झाली, असा साऱ्यांचा समज असतो. आपल्या घरी असा बेत चालला असेल, तर पुढील मजकूर आधी वाचावा.

कर्णवेध आपल्याकडे फार जुना. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय त्यासाठीच आहे. बाळाला मांडीवर घेऊन खेळण्यांत रमवावे आणि कानातून उन्हाचा प्रकाश जेथे आरपार दिसतो तेथेच टोचावे, असे तो सांगतो. चुकीची शीर दुखावल्यास ज्वर, सूज, मान ताठणे, आचके येणे अशी लक्षणेही त्यात नोंदवली आहेत. ती वाचताना धनुर्वाताची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

धनुर्वाताचे बीज मातीत आणि शेणात असते, व ते साध्या उकळत्या पाण्याने नष्ट होतेच असे नाही. संगमनेर-राहात्याकडे ज्यांच्या दारातच गोठा आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. जखमेवर राख किंवा माती कधीही लावू नये. लहान मुलांचे लसीकरण झालेले असते. साठी-सत्तरी ओलांडलेल्या अनेकांना मात्र शेवटचे इंजेक्शन कधी घेतले हेही आठवत नाही. दहा वर्षे उलटली असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन टीडीची लस घ्यावी. एकाच सुईने आजी, सून व नात अशा तिघींचे कान टोचणे तर पूर्ण वर्ज्य समजावे, कारण कावीळ ‘ब’ आणि ‘क’ तसेच एचआयव्ही यांचे विषाणू रक्तातून पसरतात.

पण खरा घात होतो तो कानाच्या वरच्या भागात. बुगडी आणि भिकबाळी तेथेच घालतात. पाळ मऊ असते, तिला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ती सहसा दोन महिन्यांत भरून येते. वरचा भाग कूर्चेचा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. तेथे पू साठला की आवरण सुटते, कूर्चा मरते आणि कान कायमचा चुरगळल्यासारखा होतो. ही जखम भरण्यास सहा महिने, कधी वर्षही लागते. पाथर्डी तालुक्यातील मढीला कानिफनाथांच्या दर्शनास आपण गेला असाल. नाथपंथी कानफाटे जोगी कानाच्या कूर्चेलाच छेद देऊन कुंडले घालतात. पण ती दीक्षा जाणत्या गुरूच्या हातून होते आणि जखम भरेपर्यंत तिची निगा राखली जाते. आरशासमोर एकट्याने उरकण्याचे ते काम नव्हे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक खूण सांगतो. कान लाल, गरम, सुजलेला व दुखरा आहे, परंतु खालची पाळ नेहमीसारखीच दिसते, तर दुखणे कूर्चेच्या आवरणाचे आहे असे समजावे. बहुधा स्यूडोमोनास नावाचा, ओलाव्यात वाढणारा जंतू त्यामागे असतो आणि घरात उरलेल्या नेहमीच्या प्रतिजैविक गोळ्या त्याला दाद देत नाहीत. हळद-तेलात दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

मधुमेह असेल तर जखम चिघळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त लवकर थांबत नाही. म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करणे हा त्याहून मोठा धोका आहे. हृदयाची झडप बदललेली असल्यास छिद्रातून शिरलेले जंतू रक्तावाटे झडपेपर्यंत पोहोचू शकतात. या तिन्ही प्रसंगी डॉक्टरांना विचारल्यावाचून टोचूच नये.

टोचायचेच असेल तर पाळीलाच, निर्जंतुक केलेल्या नव्या सुईने, डॉक्टरांकडून टोचून घ्यावे. नंतर पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालून त्याने जागा दिवसातून दोनदा पुसावी. कानातले सारखे फिरवू नये. स्वस्त दागिन्यांतील निकेलने खाज सुटते, म्हणून सुरुवातीला शुद्ध सोने किंवा टायटॅनियम बरे.

जड झुब्यांनी पाळ ओघळून फाटली असेल, तर तेथे पुन्हा सुई घालण्यात अर्थ नाही. भूल देऊन ती शिवता येते. घरीही त्याच दिवशी परतता येते. नवे छिद्र काही महिन्यांनी, जुन्या व्रणाशेजारी पाडतात. मधल्या काळात लग्न आलेच, तर सराफाकडे चापाच्या कुड्या मिळतात.