फळीवरची ट्राम

आमच्या मलकापुरात रेल्वे नाही. गाडी पाहायची तर कोल्हापूर गाठावे लागते. अशा गावात एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांच्या खिडकीखाली, चार फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवर, मुंबईची ट्राम धावते.

पत्नीच्या निधनानंतर काका बोलेनासे झाले. जेवणात मन नाही, रात्री झोप नाही. सूनबाईंनी झोपेची गोळी मागितली आणि मी ती लिहून दिली. चार दिवसांनी काका पहाटे न्हाणीघरात तोल जाऊन पडले. हाड मोडले नाही, एवढेच सुदैव. या वयात अशा गोळीने तोल जातो हे ठाऊक असूनही मी घाई केली होती. गोळी थांबवली, औदासीन्याची रीतसर तपासणी करून योग्य औषध सुरू केले आणि प्रथमच निवांत बसून विचारले, "काका, लहानपणी कशाचे वेड होते?"

"ट्रामचे."

वडील गिरणीत, बिऱ्हाड लालबागला. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची आणि १९२० मध्ये दुमजली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम गेली, तेव्हा काका रस्त्याकडेच्या गर्दीत उभे होते. 'दादर टी.टी.' या नावातील टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आज किती जणांना ठाऊक असेल?

नातवाने त्यांना पुण्याला नेऊन कर्वे रस्त्यावरील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय दाखवले. तेथील नगरासारखी मांडणी आपल्या घरात कशी मावणार? पण ट्रामचे गणित निराळे. आगगाडीला डब्यांची माळ आणि ऐसपैस वळण लागते. ट्राम एकच डबा. १:८७ या प्रमाणात ती वीतभरही होत नाही. फळीच्या एका टोकाला बोरीबंदर, दुसऱ्याला दादर. वळणाची गरजच नाही. मोटर व चाके विकतची, बाकी डबा पुठ्ठ्याचा. बारा व्होल्टचा प्रवाह रुळांतून जातो, वरची तार केवळ शोभेची.

काकांचा हात थरथरतो. म्हणून कोपरे मेजावर टेकवून, भिंगाच्या दिव्याखाली, अर्ध्या तासाच्या बैठकीत काम चालते. मग उठून अंगणात फेरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याने धारदार पात्याचे काम नातवाकडे. डाख देताना खिडकी उघडी. वायरी भिंतीलगत बांधलेल्या, पायात येणार नाहीत अशा. धाकट्या पणतीच्या हाती सुटे भाग किंवा बटणाएवढ्या बॅटऱ्या लागू नयेत म्हणून झाकणाचा डबा. तसली बॅटरी गिळली गेली तर तास-दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा घरी उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

या छंदाने स्मृतिभ्रंश टळतो, असे मी म्हणणार नाही. मात्र काका आता जेवायला स्वतः हाक मारतात. सूनबाईंना सुरुवातीला सारे पटापट चिकटवून द्यायचा मोह होई. मी तो आवरायला सांगितले. भायखळ्याचा पूल तीनदा वाकडा झाला, चौथ्यांदा बसला.

गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासायला गेलो, तर काकांनी मला दादरला उभे केले आणि तिकीट मागितले.