शेतातले बिनपगारी राखणदार

मधमाशी आणि रेशमाचा किडा सोडला, तर मराठी भाषेने या जातीला कधी बरे म्हटलेले नाही. दाताला लागते ती कीड, धान्यात पडते ती कीड, आणि समाजाला पोखरते तीही कीडच! मी ही भाषा शिकवितो; पण तिचा हा निवाडा किती एकतर्फी आहे, ते जावा बेटातल्या भाताची हकीगत वाचल्यावर ध्यानात येते.

भातावर तपकिरी तुडतुडा नावाचा एक कीटक पडतो. आकाराने तो तांदळाच्या दाण्याहूनही लहान. रोपाच्या बुंध्याशी बसून तो रस शोषतो, आणि त्याची संख्या वाढली की हिरवेगार शेत जागोजागी करपल्यासारखे वाळून जाते. कोकणातल्या किंवा भंडारा-गोंदियातल्या शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यायला नको. १९७० पूर्वी उष्ण प्रदेशात हा तुडतुडा किरकोळच गणला जाई. पुढे भरघोस पिकणाऱ्या ठेंगण्या जाती आल्या, भरपूर खत आले आणि त्यांच्यामागोमाग कीटकनाशकेही आली. इंडोनेशियाच्या सरकारने तर औषधाच्या किमतीचा मोठा भाग आपल्या तिजोरीतून भरला. औषध स्वस्त, फवारणी मुबलक. आणि तुडतुडे? ते वाढतच गेले! १९८४ साली तांदळात स्वयंपूर्ण झालेला तो देश दोनच वर्षांत पुन्हा धास्तावला.

असे उलटे कसे झाले? फिलिपिन्समध्ये काम केलेल्या पीटर केनमोर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी याचे उत्तर शोधले होते. तुडतुड्याची मादी पानाच्या आवरणाच्या आत अंडी घालते. तेथे औषध पोहोचत नाही. फवाऱ्याने मरतात ते उघड्यावर हिंडणारे कोळी, अंडी शोषून घेणारे छोटे ढेकूण आणि पाण्यावर धावणारे शिकारी कीटक. आठदहा दिवसांनी अंडी फुटतात, तेव्हा पिलांना खायला उठणारे कोणी शिल्लकच नसते. चोर घरात आणि पहारेकरी ठार, असा तो प्रकार! मग पुन्हा फवारणी, आणि पुन्हा तेच.

नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर एका फटकाऱ्यात बंदी घातली. पुढे १९८९ पर्यंत औषधांवरची सरकारी मदतही बंद झाली. देश उपाशी मरेल, असे भाकीत करणारे निघालेच असतील. पण पीक घटले नाही, उलट वाढले. बांधावरच शाळा भरू लागल्या. एका चुडात तुडतुडे किती आणि कोळी किती, हे शेतकरी स्वतः मोजू लागले, आणि गरज दिसली तरच औषध मारू लागले.

त्या भातखाचरांत राहते तरी कोण? विल्यम सेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जावातली मोजदाद १९९६ साली प्रसिद्ध केली. कीटक आणि कोळी मिळून ७६५ जाती भरल्या. त्यांतल्या वनस्पती खाणाऱ्या अवघ्या १२७, शिकारी ३०६, दुसऱ्या कीटकांच्या अंगावर पोसणाऱ्या १८७, आणि उरलेल्या १४५ कुजक्या काडीकचऱ्यावर नाहीतर पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर जगणाऱ्या. खरी मौज या शेवटच्यांची आहे. खाचरात शेणखत आणि काडीकचरा कुजत असला, तर लावणीनंतर थोड्याच दिवसांत चिलटांसारखे असंख्य निरुपद्रवी जीव पैदा होतात. कोळी आणि इतर शिकारी त्यांच्यावर पोसून तयार बसतात. तुडतुडा येतो तो आयत्या पाहुणचारालाच! लावणी होताच ‘खबरदारी’ म्हणून मारलेले औषध नेमके हे कोठार लुटते.

बांधाचेही तसेच. चीन, थायलंड आणि व्हिएतनाम येथे भाताच्या बांधावर मधाची फुले येणारी झाडे लावून पाहिली, त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. फवारण्या ७० टक्क्यांनी उतरल्या आणि उत्पन्न ५ टक्के वाढले. आपल्याकडे बांधावर तूर लावतात, कपाशीभोवती झेंडू आणि चवळी लावायला सांगतात, त्यातले मर्म याच जातीचे आहे. चवळीवर मावा येतो, माव्यामागे ढालकिडे येतात आणि मग ते कपाशीकडेही वळतात.

हा प्रश्न केवळ तुडतुड्यांचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर प्राणास मुकले. पाठीवर पंप घेणारा माणूस शेतातल्या कोळ्याइतकाच उघड्यावर असतो, हे तेव्हा सर्वांना दिसले.

आपण शहरातली माणसे यात अगदीच त्रयस्थ आहोत का? फ्लॉवरच्या गड्ड्यात एक अळी दिसली की आपण तो भाजीवाल्याला परत करतो. भाजीवाला ते बाजारात सांगतो, बाजार शेतकऱ्याला सांगतो, आणि शेतकरी आणखी एक फवारणी करतो. शेतकी खात्याच्या पत्रकांत आजकाल ‘मित्रकीटक’ असा एक सुरेख शब्द असतो. तो शेताच्या बांधावरून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत यायला हवा. एवढी एक अळी काढून टाकून उरलेली भाजी चिरायला घेतली, तरी त्या शब्दाची सुरुवात झाली असे समजावे.