चेंडू जमिनीवर आला की

दुरून पाहिलं तर ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा उंच माणसांचा खेळ वाटतो. दोन मीटरचे गडी हवेत उड्या घेतात, एखादा दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा रोवून झेल पकडतो आणि टीव्हीवर दिवसभर तोच झेल दाखवत राहतात. पण बहुतेक झेल सुटतात. चेंडू खाली पडतो, अंडाकृती असल्यामुळे कुठेही उसळतो आणि मग चार-सहा जणांच्या पायांमध्ये खरी लढाई सुरू होते.

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत हिवाळ्यातल्या शनिवारी कुठल्याही मैदानाच्या कठड्याला टेकून उभं राहावं, ही लढाई हातभर अंतरावर दिसते. त्याआधी ऐकूच येते. धापा, अंगावर अंग आदळल्याचा दबका आवाज आणि कुणी चेंडूसकट पकडला गेला की कठड्यापाशी एकमुखाने उठणारी ‘बॉऽऽल!’ अशी आरोळी. या गर्दीतला सगळ्यात बुटका मुलगा मी मुद्दाम शोधतो. तो सहसा तळाशी असतो.

याच भागातल्या फुट्सक्रे क्लबने असा एक माणूस खेळवला, टोनी लिबराटोरे. उंची 163 सेंटिमीटर. सगळे त्याला लिब्बा म्हणत. 1986 ते 2002 या काळात तो 283 सामने खेळला. त्याच्याबद्दल बोलताना लोकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो धाडस. ते खोटं नाही. पण त्याच्या जुन्या सामन्यांची चित्रणं थांबवून थांबवून पाहिली की धाडसापेक्षा कसब जास्त दिसतं.

आपल्याला पकड म्हटलं की कबड्डी आठवते. तिथे सात जण एकावर तुटून पडतात, घोटा धरला तरी वाहवा होते. इथे एकाने एकाला धरायचं, तेही दोघं धावत असताना. आणि धरायचं ते खांद्याच्या खाली, गुडघ्याच्या वर. खांद्यावर हात गेला तर समोरच्याला फ्री किक, गुडघ्याखाली गेला तरी फ्री किक, पाठीत ढकललं तरी फ्री किक. उंच खेळाडू थकला की त्याचा हात हमखास मानेशी जातो. लिब्बाचे हात मुळातच समोरच्याच्या कोपराशी आणि कमरेशी पोचायचे, म्हणजे नियमाला हव्या त्या पट्ट्यात. ज्या उंचीपायी त्याची कीव केली गेली असेल, तिचाच हा फायदा होता.

त्यातही नुसतं कवेत घेऊन भागत नाही. समोरच्याचे दोन्ही हात जखडायचे, कारण एक जरी मोकळा राहिला तरी तो मूठ मारून चेंडू साथीदाराकडे देतो. चेंडू देण्याची संधी मिळूनही तो देता आला नाही, तर पंच पकडणाऱ्याला फ्री किक देतात. खाली पडतानाही अंग वळवून त्याला कुशीवर पाडायचं, पाठीवर स्वार व्हायचं नाही. हे सगळं दोनेक सेकंदांत, आपल्याहून वीस किलोने जड माणसाबरोबर. आणि उठून पुढच्या चेंडूकडे पळायचं, कारण सामना वीस-वीस मिनिटांच्या चार डावांचा असला तरी थांबलेला वेळ धरून एकेक डाव अर्ध्या तासाच्या आसपास जातो.

हे काम स्टँडमधून दिसत नाही. माणसांचा ढीग दिसतो, शिट्टी ऐकू येते, इतकंच. दिसतं ते ढिगाशेजारी उभ्या पंचांना. म्हणूनच मला एक गोष्ट फार बोलकी वाटते: ब्राउनलो पदक, या खेळातला सर्वोच्च वैयक्तिक मान, पंचांच्या मतांवर ठरतं. प्रत्येक सामन्यानंतर ते तीन, दोन आणि एक अशी मतं देतात. 1990 मध्ये, व्हिक्टोरियाच्या जुन्या लीगने एएफएल हे नाव घेतलं त्याच मोसमात, 18 मतांनी ते पदक लिब्बाने जिंकलं. त्याआधी एकोणीस वर्षांखालील गटाचं मॉरिश पदक आणि राखीव संघांचं गार्डिनर पदकही त्याने मिळवलं होतं. तिन्ही पदकं मिळवणारा तो एकटाच.

त्या ब्राउनलोला आणखी एक संदर्भ आहे. आदल्याच वर्षी, 1989 मध्ये, कर्जात बुडालेला फुट्सक्रे क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन करण्याचं ठरत आलं होतं. कामगार वस्तीतल्या लोकांनी दारोदार पैसे गोळा करून तो वाचवला. पुढच्याच मोसमात त्यांच्या सर्वांत बुटक्या खेळाडूंपैकी एकाच्या गळ्यात देशातलं मोठं पदक पडलं.

तो संत नव्हता, हेही सांगायला हवं. पदकाच्या निकषात सर्वोत्तम खेळाइतकाच सभ्य खेळही मोजतात, आणि ढिगाच्या तळाशी त्याच्या तावडीत सापडलेल्या अनेकांना त्याच्यात सभ्यपणा फारसा जाणवला नसणार. मला त्यात विसंगती वाटत नाही. तळाशी काम करणाऱ्याचे हात स्वच्छ राहत नाहीत.

अंतिम सामना मात्र त्याला कधी खेळायला मिळाला नाही. 1997 च्या उपांत्य सामन्यात, वेस्टर्न बुलडॉग्ज हे नवं नाव घेतलेला त्याचा संघ ॲडलेडविरुद्ध पुढे होता. शेवटच्या डावात लिब्बाने गोलकडे चेंडू मारला आणि गोल झालाच म्हणून तो जल्लोष करत धावला. गोल पंचांनी सहा गुण दिले नाहीत, एकच दिला. ॲडलेड 93, बुलडॉग्ज 91. ती दोन गुणांची हार पश्चिम मेलबर्नमधले जुने लोक आजही काढतात. 2016 मध्ये क्लबने 1954 नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्या संघात लिब्बाचा मुलगा टॉम होता, आणि तोही ढिगातून चेंडू काढणाराच.

मेलबर्नमधले आपले कितीतरी लोक पीठ, मसाले आणि डोशासाठी वेस्ट फुट्सक्रेच्या बार्कली स्ट्रीटला जातात. क्लबचं जुनं घर, व्हिटन ओव्हल, त्याच रस्त्यावर आहे. तिथे एखादा सामना असेल तर पिशव्या गाडीत ठेवा आणि आत जा. वरच्या रांगेत बसू नका, कठड्यापाशी उभे राहा, आणि झेल सुटल्यावरही नजर वर ठेवू नका.