डॉक्टरची डिग्री : दवाखाना की नोकरी?

मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली की घरात पहिला प्रश्न निघतो : स्वतःचा दवाखाना की इस्पितळात नोकरी? कापडाचा व्यापारी म्हणून माझे म्हणणे एवढेच, की दवाखान्यालाही दुकानासारखा गल्ला आणि खर्च असतो. आधी हिशेब मांडावा.

समजा, भाडे, कंपाउंडर, वीजबिल, औषधे मिळून महिन्याचा खर्च 40 हजार रुपये आणि फी 100 रुपये. मग 400 रुग्ण नुसता खर्च भागवतात. महिन्याचे 25 दिवस धरले तर रोजचे 16. घरखर्चाचा पैसा सतराव्या रुग्णापासून सुटतो. शिवाय माग बंद पडले की मजुराची मजुरी बुडते आणि डॉक्टरची फी उधारीवर जाते. पगारदार डॉक्टरला मंदीची झळ इतक्या लवकर लागत नाही.

जबाबदारीही पाहावी. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालापासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात. नोकरीत भरपाईसाठी इस्पितळही जबाबदार धरले जाते, दवाखान्यात डॉक्टर एकटाच. तेव्हा विमा हवाच.

मात्र नोकरीत पत इस्पितळाची वाढते, दवाखान्यात स्वतःची. म्हणून तीन-चार वर्षे नोकरी करून अनुभव आणि निदान वर्षभराच्या खर्चाचे भांडवल जमवावे. संध्याकाळी दवाखाना चालवायचा असेल तर नेमणुकीच्या अटी वाचाव्यात. सरकारी नोकरीत व्यवसायरोध भत्ता घेणाऱ्याला खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. कर्ज काढून पहिल्याच वर्षी बोर्ड लावण्याची घाई पालकांनी करू नये.