नांगीतलं विष, गाठीची कड

नागपूरच्या लकडगंजात रात्री आरागिरण्या थांबल्या की वखारींत भुशाचा आणि ओल्या सालीचा वास तेवढा उरतो. ओळखीच्या एका वखारीत मी अतिनील टॉर्च घेऊन सागाच्या ओंडक्यांमधून फिरत होतो. सालीच्या एका फटीत हिरवट-निळं काही चमकलं. विंचू. वळलेली नांगी, आकडे, पायांचा सांधा न् सांधा उजळलेला. टॉर्च बंद केला की तिथे नुसती साल. "आदी ठोकाचं, मंग उचलाचं, भाऊ," सोबतचे हमालकाका म्हणाले. त्यांच्या धंद्यातला हा पहिला नियम.

ही चमक विषाची नव्हे. विंचवाच्या कवचाच्या बाहेरच्या थरातली द्रव्यं अतिनील किरण शोषून घेतात आणि हिरवा-निळा उजेड सोडतात; नुकती कात टाकलेला विंचू चमकतच नाही. विंचवाच्या विषाने मेंदूतली गाठ उजळते, असं कुठे वाचलं की बऱ्याच जणांचा घोटाळा इथेच होतो. विषाचं काम निराळं आहे. ते शरीरातली नेमकी जागा गाठतं.

ही नेमकी जागा किती महत्त्वाची, ते महाराष्ट्राला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवलं. एमबीबीएस आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजमधून, आणि पुढे नोकरी महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. कोकणात लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि पोरं दगावत होती. बावस्कर त्यांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपत राहिले. उलटी, घामाच्या धारा, गार पडलेले हातपाय, पुरुषांत लिंगाचा ताठरपणा: ही लक्षणं दिसली की हृदयावर घाला येणार, हे त्यांनी 1982 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. विषातले पेप्टाइड मज्जापेशींवरची सोडियमची दारं उघडी धरतात, अॅड्रेनालिनसारखी द्रव्यं रक्तात लोटली जातात, रक्तदाब भडकतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. त्यावर त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते ती फार उशिरा मिळाली.

विष म्हणजे एक पदार्थ नव्हे, शेकडो पेप्टाइडांचं मिश्रण. प्रत्येकाचं दार वेगळं. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या वाळवंटातला पिवळा विंचू आपल्या लाल विंचवाच्याच कुळातला. त्याच्या विषातून 1993 साली क्लोरोटॉक्सिन वेगळं केलं गेलं. अवघी 36 अमिनो आम्लं, आणि गंधकाच्या चार बंधांनी घट्ट आवळलेली, म्हणून सहज न तुटणारी. अमेरिकेत हॅराल्ड सोन्टहायमर यांच्या प्रयोगशाळेला दिसलं की ते ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या पेशींना चिकटतं आणि निरोगी मेंदूला जवळपास सोडून देतं.

शल्यविशारदाची अडचण नेमकी इथे असते. ग्लायोमाला कड नसते. गाठीच्या मधला भाग वेगळा ओळखू येतो. बाहेर सरकत गेलं की रोगट पेशी चांगल्या मेंदूत विरत जातात आणि डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. कमी कापलं तर रोग मागे राहतो. चार मिलिमीटर जास्त कापलं तर बोलणं जाऊ शकतं, उजवा हात जाऊ शकतो.

सिअॅटलचे बालकर्करोगतज्ज्ञ जिम ओल्सन यांच्या गटाने 2007 साली क्लोरोटॉक्सिनला चमकणारा रंग जोडून उंदरांतल्या गाठी उजळून दाखवल्या. माणसांसाठी पुढे टोझुलेरिस्टाइड तयार झालं. त्यातली कारागिरी मला फार आवडते. क्लोरोटॉक्सिनमध्ये रंग धरू शकणारी लायसिनची तीन ठिकाणं असतात. त्यातली दोन बदलून टाकली, म्हणजे रंग एकाच ठरलेल्या जागी बसतो आणि प्रत्येक रेणू सारखाच निघतो. रंगही जुनाच, इंडोसायनिन ग्रीन. डोळ्याचे डॉक्टर पडद्यामागच्या रक्तवाहिन्या पाहायला तो वापरतात. हे सगळं प्रयोगशाळेत घडवलं जातं, त्यासाठी विंचवाची नांगी पिळावी लागत नाही. शस्त्रक्रियेआधी ते शिरेतून देतात. हा उजेड अवरक्त असल्याने नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. खास कॅमेरा लागतो आणि गाठ पडद्यावर उजळते.

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये याच कामाला वेगळा उपाय वापरला गेला आहे: 5-एएलए, पिण्याचं द्रव्य. निळ्या उजेडात गाठ गुलाबी-लाल दिसते. जर्मनीतल्या 2006 च्या चाचणीत त्याच्या मदतीने 65 टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली. साध्या उजेडात 36 टक्क्यांची.

उपचाराचं गाडं मात्र हळू चाललं आहे. क्लोरोटॉक्सिनला किरणोत्सारी आयोडिन जोडून 18 रुग्णांच्या मेंदूत सोडलं गेलं. 2006 साली त्याचे निष्कर्ष आले, औषध सोसवलं, पण रोग बरा होतो असं ठरलं नाही. 2020 साली कॅलिफोर्नियाच्या सिटी ऑफ होपमधल्या संशोधकांनी रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवर क्लोरोटॉक्सिन बसवून त्यांना गाठीवर सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. माणसांतल्या चाचण्या त्यानंतर सुरू झाल्या.

आपल्या लाल विंचवाच्या विषातूनही 1990 साली आयबेरियोटॉक्सिन निघालं, तेही अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत. ते पोटॅशियमचं जे दार अडवतं, तेच ग्लायोमाच्या पेशींवर भरपूर आढळतं. विंचू आपला, त्याच्या दंशाचं सर्वात बारीक निरीक्षण आपल्या डॉक्टराचं. त्या विषातले उरलेले पेप्टाइड तपासायला मुंबई-पुण्याच्या, नागपूरच्या प्रयोगशाळांनी आता हात घालावा.